सारिकाला मामा नाही

१

सारिका आमच्या ऑफिसात शिरली तेव्हा मी नुकतंच चहात बिस्किट बुडवलं होतं. तिचं पहिलं वाक्य ऐकलं आणि बिस्किट चहातच राहिलं.

“समाधान सर, माझं सीलबंद उत्तर कोणी उघडलं?”

हा प्रश्न माझ्या धंद्याच्या थेट मुळावर घाव होता. जळगावात नवी पेठेत, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत माझी कंपनी आहे. लोकांची गुपितं जपणारं सॉफ्टवेअर बनवतो आम्ही. समाजाच्या वधू-वर मंडळासाठी ‘सोयरीक’ नावाचं ॲप केलं आहे. बघण्याचा कार्यक्रम झाला, की मुलगा आणि मुलगी दोघांनी आपापलं उत्तर मोबाईलवर बोलायचं. लिहायचं नाही, बोलायचं. कारण लिहायला बसलं की आमच्याकडे माणसं अर्ज केल्यासारखं लिहितात. बोललेलं उत्तर तिथल्या तिथे कुलूपबंद होतं. दोघांची उत्तरं आली, की दोघांना एकमेकांची ऐकू येतात. एकाचंच आलं, तर ते तसंच बंद राहतं.

सारिकाने बोलून सील केलं होतं. धरणगावच्या प्रेमराजचं उत्तर अजून यायचं होतं. तरीही तिच्या मनातलं सगळं धरणगावला पोचलं होतं.

“आता लपवून काय करू?” ती म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मुद्द्यावर लगेच येते. “मी होकार दिला होता. फक्त म्हटलं होतं की माझी आई माझ्याबरोबर राहील. तिला माझ्याशिवाय कोणी नाही. हे प्रेमराजने एकट्याने ऐकावं, शांतपणे विचार करावा, एवढंच मला हवं होतं. आता त्याच्या गल्लीत चर्चा चालू आहे, की पोरगी आईला आंदण घेऊन येणार!”

“तुम्हाला प्रेमराजचाच संशय आहे का?”

“आणखी कोणाला गरज होती? त्याने नाही तर त्याच्या घरच्यांनी वशिला लावून आधीच ऐकलं असणार. मला तो आवडला होता, सर. पण जो चोरून ऐकतो, त्याच्या घरी मी आईला घेऊन जाऊ? रविवारी मेळावा आहे. तोवर कोणी ऐकलं ते सांगा. नाहीतर माझा नकार धरा.”

कोपऱ्यात आमचा प्रोग्रामर फैसल लॅपटॉपवर नोंदी चाळत होता. कोणतंही सील उघडलं की नोंद होते. त्याने मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“सर, उघडलंय. नोंद स्पष्ट आहे. उघडणारा, मुलीचा मामा.”

सारिका त्याच्याकडे बघतच राहिली.

“पण मला मामाच नाही,” ती म्हणाली.

२

अशा वेळी माझं डोकं चालत नाही, म्हणून मी धुळ्याला मिसबाहला फोन केला. मिसबाह मोठमोठ्या कंपन्यांची कुलपं तपासते. कोणती चावी कोणाच्या हातात असावी आणि कोणाच्या असू नये, हा तिचा विषय. कॉलेजात ती माझ्या मागे एक वर्ष होती आणि अकलेने पाच वर्षं पुढे होती. बसने आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “समाधानभाऊ, आधी तुमचा नियम सांगा. कोणाला काय करता येतं?”

मी अभिमानाने सांगितलं. आमचा नियम दानपेटीसारखा आहे. ऑफिसातल्या माणसांना पेटीत टाकता येतं, काढता येत नाही. आमची ऑपरेटर दिपमाला माहिती भरते. भरली की ती कुलूपबंद होते आणि खुद्द तिलाही पुन्हा दिसत नाही. फैसल नियम लिहितो, पण माझ्या मंजुरीशिवाय त्याचा बदल लागू होत नाही. मला तर काहीच उघडता येत नाही, मालक असून.

“मग मामा कुठून आला?”

“मंडळाचा आग्रह. पोरी बापापुढे मोकळं बोलत नाहीत, मामापुढे बोलतात. उत्तरात काही गंभीर असलं तर घरातल्या एका मोठ्या माणसाला कळावं, म्हणून मुलीच्या मामाला ते कधीही ऐकायचा हक्क दिला. उत्तर आलं की त्याला मेसेजही जातो.”

“मग सारिकाच्या माहितीत मामाचा नंबर कोणाचा आहे ते बघा. संपला विषय.”

मी घसा खाकरला. फैसलने छताकडे पाहिलं.

“दिसत नाही,” मी म्हणालो. “नंबरही सीलबंद आहेत. नोंदीत फक्त नातं येतं, माणूस येत नाही. लोकांची नावं कोणाला कळू नयेत म्हणून मीच तसं करून घेतलं.”

मिसबाह इतकी हसली की तिला ठसका लागला. चोर आमच्या तिजोरीत बसला होता आणि आमच्याच कुलपाने त्याचं तोंड झाकलं होतं.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. मंडळाचे अध्यक्ष झुलाल आबा धापा टाकत वर आले आणि दारातूनच म्हणाले, “मास्टर किल्ली काढा! आत्ता उघाडूत!”

३

मास्टर किल्ली म्हणजे मंडळातल्या तिघांकडे वाटलेले तीन तुकडे. तिघं एकत्र आले तर अख्खं ॲप उघडतं. ती आग लागल्यावर वापरायची वस्तू आहे.

“नाही,” मिसबाह म्हणाली. “आबा, एका मुलीचं उत्तर कोणी ऐकलं ते शोधायला तुम्ही शेकडो मुलींची माहिती उघडणार? मग त्या चोरात आणि आपल्यात फरक काय?”

“अवं बाई, बठ्ठा समाज विचारी, आबा, तुमना मंडळमा काय चालस? ती पोर नकार दी, आनि तिना मांगे आखो धा पोरी नाव काढी लेतीन!”

“रविवारपर्यंत थांबा. तीन तुकडे कुठे आहेत?”

एक आबांच्या देवघरात होता, दुसरा खजिनदाराकडे. तिसरा सेक्रेटरीकडे होता आणि सेक्रेटरी महिनाभर मुलाकडे पुण्याला होते. म्हणजे मास्टर किल्ली वापरलीच गेली नव्हती. आबा सुटले, पण त्यांना कोणी संशयित समजलं होतं हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

आबांच्या मागोमाग वनाभाऊ आले होते. वनाभाऊ आमच्या मेळाव्याचे निवेदक. माईकवर असं शुद्ध मराठी बोलतात की आकाशवाणीने लाजावं. त्यांना रविवारच्या नावांचे उच्चार पक्के करून हवे होते. बाहेरच्या माणसासमोर हा विषय नको, म्हणून आम्ही जेवणावर घसरलो. भरीत, कळण्याच्या पुऱ्या, ठेचा.

“मान्यवरहो, भरिताला वांगी बामणोदचीच असावीत,” वनाभाऊ गंभीरपणे म्हणाले आणि चहाचा मोठा घोट घेतला. “आई गं! मले चटकाच बसला!” आम्ही हसलो. तेही हसले आणि नावं घेऊन गेले.

मग मिसबाहने एकेकाला समोर बसवलं. फैसलची पाळी आधी. नियम लिहिणारा तोच, त्यामुळे घाम त्यालाच फुटला होता. तिने नियमांचा सगळा इतिहास पाहिला. एकही बदल चोरून झालेला नव्हता.

“आणखी काय दिसतं नोंदीत?”

“उत्तर सील झालं आणि लगेच उघडलं गेलं, मॅडम. आणि एकदा नाही. पुन्हा पुन्हा ऐकलंय. दुसऱ्या दिवशीसुद्धा.”

मिसबाहच्या भुवया वर गेल्या. “पुन्हा पुन्हा? मजेशीर आहे.”

दिपमाला आली ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळतच. सारिकाची माहिती तिनेच भरली होती, मंगल कार्यालयातल्या नोंदणी शिबिरात. सारिका शाळेत होती. तिची आई पुष्पाबाई फॉर्म देऊन गेली होती.

“मामाच्या जागी काय भरलंस?”

“आठवत नाही, मॅडम. खूप गर्दी होती.”

“आईने कोणाचं नाव दिलं होतं?”

“नाही. त्या म्हणाल्या, मला भाऊ नाही.”

“मग रिकामं सोडलंस?”

दिपमालाने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “मला खरंच आठवत नाही,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

४

दुसऱ्या दिवशी मिसबाह आणि मी धरणगावला गेलो. रस्त्याने कापसाच्या गाड्यांची रांग होती, आणि सगळ्या आमच्याच पुढे.

प्रेमराज जिनिंगची यंत्रं दुरुस्त करतो. हात ग्रीसने माखलेले होते. आम्ही कोण ते कळल्यावर त्याने ते पुसले, आणि पुसत राहिला.

“मी काही ऐकलेलं नाही,” तो म्हणाला. “घरी आत्या बोलल्या तेव्हा कळलं. मॅडम, आता मी बोलू तरी काय? हो म्हटलं तर तिला वाटेल लोकलाजेने म्हणतोय. नाही म्हटलं तर मला स्वतःलाच ते पटणार नाही. तिच्या तोंडून ऐकायचं होतं मला. गल्लीतून नाही.”

मला तो पोरगा तिथेच आवडला. पण मला आवडून उपयोग नव्हता.

त्याच्या आत्या, कोकिळाअक्का, ओसरीवर मेथी निवडत होत्या. त्या ऐकवायला अगदी तयार होत्या. गावात एवढे दिवस त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

“नशिराबादले साखरपुडा व्हता ना, तठे मी पंगतमा बठेल व्हतू. मांगला पंगतमा एक माणूस भांडे. मोठा आवाज! ‘आमच्या सारूची माय सारूपाशी राहिली, तं कोनाचं काय बिघडते?’ असं सांगे. आनि रडे बी! मी म्हनं, सारू म्हंजे ती सारिकाच. आमना प्रेमराजले दखाडेल ती.”

“कोण होता तो?”

“काय माहीत? मी वळीसन दखं तवलोंग बठ्ठा हात धोवाले उठी गयथात. पन त्यानं बोलनं आमनागत नव्हतं. बोदवडकडलं व्हतं.” म्हणजे तोंड दिसलं नव्हतं, फक्त बोली ऐकू आली होती.

मिसबाहने तिथूनच सारिकाला फोन लावला. “सारिका, तुला सारू कोण म्हणतं?”

“फक्त आई. का?”

“बाहेरच्या कोणाला माहीत आहे?”

“मी उत्तरात बोलले होते. घरी मला सारू म्हणतात, तुम्हीही म्हणा, असं.” मिसबाहने बोदवडचं विचारलं. “आईचं माहेर बोदवडचं आहे. पण तिथे आता आमचं कोणी राहिलं नाही.”

फोन ठेवल्यावर मिसबाहने कोकिळाअक्कांनी दिलेली शेव तोंडात टाकली. तिचा चेहरा फुलला होता.

“समाधानभाऊ, गाडी काढा. तुमच्याकडे चोर नाहीच आहे.”

“मग काय आहे?”

“मामा आहे,” ती म्हणाली. “खराखुरा.”

५

ऑफिसात परतल्यावर तिने आधी दिपमालाला शेजारी बसवलं.

“मी सांगते, तू फक्त हो-नाही म्हण. मामाची जागा रिकामी सोडली की फॉर्म पुढे जातच नव्हता. बरोबर?”

“हो.”

“पुष्पाबाई तर निघून गेल्या होत्या. मागे रांग ओरडत होती. तू फॉर्मवर आईचं माहेर पाहिलंस. आणि आपल्याकडे आईच्या माहेरगावचा कोणताही माणूस मामाच असतो.”

दिपमालाला एकदम सुटल्यासारखं झालं. “हो, मॅडम! मी मोठ्याने विचारलं, बोदवडचं कोणी आहे का इथे? गर्दीतून कोणीतरी म्हणालं, मी आहे, कशाला? मी म्हटलं, मामा व्हायला. तो म्हणाला, व्हतो की! आणि नंबर सांगितला. मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. आमच्या गावात तर सगळे असंच करतात. मला वाटलं, सर मला काढून टाकतील.”

मी कपाळावर हात मारून घेतला. मामा नसलेली मुलगी असू शकते, हे ॲप बनवताना आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही बँकेलाही पुरून उरेल असं कुलूप बनवलं आणि त्याची किल्ली गर्दीत ओरडून वाटली!

“आता बघा,” मिसबाह म्हणाली. “उत्तर सील झाल्याबरोबर उघडलं. म्हणजे ज्याला मेसेज गेला त्यानेच उघडलं. चोराला कसं कळणार ते कधी येणार? शिवाय चोर एकदा ऐकतो, काम झालं की निघतो. हा पुन्हा पुन्हा ऐकत होता. आणि पंगतीत भांडला तो मुलीच्या बाजूने, तेही ‘आमची सारू’ म्हणून. ज्याने चोरी केली तो आमची म्हणत नाही. या माणसाने स्वतःला मामा मानलंय.”

“पण तो कोण? बोदवडची माणसं शिबिरात पन्नास तरी असतील.”

“तुमच्या नियमाने त्याचा नंबर आपल्याला दिसत नाही. पण त्या नंबरवर मेसेज पाठवायला तुमचं सॉफ्टवेअर आडवं येतं का?”

फैसल टुणकन उठून बसला. “नाही येत! पाठवायचा हक्क आहे, बघायचा नाही!”

“मग रविवारी पाठवू. सारिका, प्रेमराज, सगळ्यांना बोलवा. मामा स्वतःच्या पायांनी येईल.”

“आणि नाही आला तर?” मी विचारलं.

नाही आला, तर सारिकाचा नकार ठरलेला होता.

६

रविवारी मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. मागच्या बाजूला भरिताची वांगी भाजली जात होती आणि त्या वासाने अर्धे वरपिते मुलाखतीतून लक्ष काढून बसले होते. मंचावर वनाभाऊ रंगात आले होते.

मागच्या दाराशी आम्ही उभे होतो. सारिका आणि पुष्पाबाई एका बाजूला, प्रेमराज दुसऱ्या बाजूला. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं होतं. झुलाल आबा मधोमध येरझाऱ्या घालत होते.

मिसबाहने मेसेज सांगितला आणि फैसलने तो पाठवला: ‘तुमची भाची सारिका हिला आत्ता तुमची गरज आहे. कार्यालयाच्या मागच्या दाराशी या.’

आत लाऊडस्पीकरवर वनाभाऊंचा आवाज घुमत होता. “यानंतर मी मंचावर निमंत्रित करतो, शिरपूरचे सुविद्य, सुशील, शासकीय सेवेत—”

आवाज तुटला. माईक टेबलावर आपटल्याचा खडखडाट झाला. सभागृहात कुजबुज सुरू झाली. मग मंडपाचा पडदा बाजूला झाला आणि फेटा हातात धरून, खुर्च्यांना अडखळत वनाभाऊ धावत आले.

“कुठी आहे ती? माह्या भाचीले काय झालं?”

माईकवरचं शुद्ध मराठी गळून थेट बोदवडची बोली बाहेर पडली होती. आबांच्या येरझाऱ्या थांबल्या. दिपमालाने तोंडावर हात ठेवला. “तोच आवाज,” ती पुटपुटली.

सारिका पुढे झाली. “तुम्ही माझं उत्तर ऐकलंत?”

“ऐकलं ना, पोरी. मेसेज आला मले. तुमच्या भाचीने उत्तर दिलंय म्हणून. मले वाटलं, मामाचं कामच हाये ते.”

“आणि पंगतीत सगळ्यांना सांगितलंत?”

वनाभाऊंचा चेहरा खर्रकन उतरला. गोष्ट त्यांना आत्ता कळत होती. “तिथं एक जण म्हने, पोरीच्या मायनं पोरीकडे राहू नये. मले राहावलं नाही. मी काय बोललो, कोनी ऐकलं...” ते मटकन खुर्चीवर बसले. “मी तुह्यं वाईट केलं का?”

“मला विचारायचं तरी होतं!” सारिका म्हणाली. राग खरा होता आणि तिने तो लपवला नाही. “तो माझा आवाज होता. माझा आणि ज्याच्यासाठी बोलले त्याचा. तुम्हाला ऐकायला मिळाला म्हणून तो तुमचा होत नाही.”

“नाही होत,” वनाभाऊ म्हणाले. “चुकलो, माय.” मग फेटा मांडीवर ठेवून, खाली बघत बोलले. “मले बहीण नाही. दुसऱ्यांच्या लग्नात माईकवरून म्हनतो, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. आजवर हजार मामा बोलावले. मले कोनी मामा म्हटलं नाही. त्या दिवशी कोनीतरी विचारलं, मामा होता का? मी म्हटलं, व्हतो. मले ते खरंच वाटलं.”

पुष्पाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मलाही डोळे पुसावे लागले, आणि त्याचा दोष मी वांग्यांच्या धुराला दिला.

प्रेमराजने खिशातून मोबाईल काढला. कोणाशी काही न बोलता तो पाण्याच्या टाकीपलीकडे गेला. दुरून त्याचे ओठ हलताना दिसत होते. थोड्या वेळाने सारिकाच्या मोबाईलवर टिंग वाजलं. दोन्ही उत्तरं आली होती. दोन्ही कुलपं उघडली होती.

तिने मोबाईल कानाला लावला. आम्ही सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि तिने सरळ आमच्याकडे पाठ फिरवली. बरोबरच होतं तिचं. वळली तेव्हा हसत होती.

“तो आईला विचारायला येतोय,” ती म्हणाली. “तिला चालेल का म्हणून. मला नाही, तिला.”

आबांनी मोठ्याने देवाचं नाव घेतलं आणि मंचाकडे पळाले. शिरपूरचा शासकीय सेवेतला मुलगा अजून तसाच उभा होता.

मी फैसलला म्हणालो, “तो मामाचा नियम आजच काढून टाक.”

“काढा,” मिसबाह म्हणाली, “पण त्याच्या जागी दुसरा लिहा. उघडायचा हक्क नात्याला देऊ नका. माणसाला द्या. आणि तो माणूस ना मंडळ ठरवेल, ना ऑपरेटर. मुलगी ठरवेल. रिकामं ठेवलं तर रिकामं राहील.”

फैसलने तिथेच, ताटं मांडायच्या टेबलावर लॅपटॉप उघडून नियम लिहिला आणि मी मंजूर केला. सगळ्या मुलींची मामाची जागा कोरी झाली. वनाभाऊंचा मोबाईल वाजला: त्यांचा हक्क काढून घेतला गेला होता. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि जायला उठले.

सारिका नव्या रकान्यासमोर मोबाईल धरून उभी होती. ‘तुमच्या विश्वासाचं माणूस.’ खाली बारीक अक्षरांत: ‘रिकामं ठेवलं तरी चालेल.’ तिने आईकडे पाहिलं, पाठमोऱ्या वनाभाऊंकडे पाहिलं.

“मामा,” ती म्हणाली.

ते थांबले, पण वळले नाहीत. आपल्यालाच हाक मारली का, याची त्यांना खात्री नव्हती.

“मामा, तुमचा नंबर सांगा. आणि या वेळी ऐकलं तर आधी मला फोन करायचा.”

हजार माणसांसमोर न अडखळता बोलणाऱ्या त्या माणसाला स्वतःचा नंबर नीट सांगता येईना. शेवटी त्याने मोबाईलच तिच्या हातात दिला, आणि पुष्पाबाईंनी त्याच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.